कुंकू लावलेले बूट

संगीताला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ड्रेसिंगच्या टेबलावर बसायला तयार नव्हती. दोन्ही टाचांची सालटी निघालेली, तळव्यांवर टपोरे फोड, आणि ही बाई कधी या पायावर तर कधी त्या पायावर भार देत दारातच उभी. “बसा” म्हटलं तर म्हणाली, “बसले तर परत उठवणार नाय, सिस्टर. उभ्यानंच करा.” उभ्या माणसाच्या तळव्याला पट्टी कशी बांधायची हे मला नर्सिंगच्या कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. मी ओरडले. मी ओरडतेच, कासा बाजारात कुणालाही विचारा. तेव्हा कुठे ती बसली, पण बसूनही तिची बोटं टेबलाच्या कडेवर ठेका धरून होती.

“कशानं झालं हे?”

“बुटांनी.”

“आणि तळवे?”

“बूट काढल्यानं.”

एवढ्यावर मला रागही आला आणि हसूही. मग हळूहळू सगळं कळलं. ती आली होती वनरक्षकाच्या भरतीला. लेखी परीक्षा झाली होती, धावण्यात ती पुढे होती, आणि शेवटी राहिलं होतं नुसतं चालणं. बायकांनी चार तासांत सोळा किलोमीटर चालायचं. झरीच्या बाईला सोळा किलोमीटर म्हणजे काय? बाजाराला जाऊन यायचं. पाड्यावर सगळे तिला आधीच वनरक्षकबाई म्हणायला लागले होते. आणि नेमकी त्या चालण्यातच ती मागे पडली. पोहोचली, पण वेळ संपल्यावर.

संगीता झरीच्या एका पाड्यावरची. वडील लवकर गेले. आई रखमी, भाऊ प्रविण आणि ही. लहानपणापासून हिच्या पायाला भिंगरी. शाळेतून घरी यायला जी वाट सरळ होती ती हिने कधी धरलीच नाही. ओढ्याने जायचं, डोंगरीला वळसा घालायचा, अंधार पडायच्या आत दारात उभं राहायचं आणि आईचा मार खायचा. बारावी तलासरीला केली. मग हंगामात घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत वेचणीला जाऊ लागली. तिथे पॅकिंगच्या शेडमध्ये बसून काम करणाऱ्या बायकांना सावली मिळते, म्हणून सगळ्या त्या कामासाठी भांडतात. हिला ते मिळालं तर दुसऱ्या दिवशी परत झाडाखाली. “बसून माझे पाय झोपतात,” म्हणे. लग्नही झालं होतं, उंबरगावच्या बाजूला. नवरा कंपनीत, चाळीत एक खोली, सासूचं म्हणणं की सुनेने उंबऱ्याबाहेर कामाशिवाय पाऊल टाकू नये. वर्षाच्या आत ही पायीच माहेरी आली. नवऱ्याने मारलं नाही, कुणी छळलं नाही. “मना तिथं बसवंना,” एवढंच तिने सांगितलं, आणि यावर पाड्यात जी चर्चा झाली ती अजून संपलेली नाही.

वनरक्षक व्हायचं तिच्या डोक्यात कसं आलं, हेही तिने मला पट्टी बांधताबांधता सांगितलं. एकदा पाड्यावर खाकी कपड्यांतली एक बाई पाणी प्यायला थांबली होती. घामाघूम, पण मजेत. रखमीने विचारलं, काम काय करतेस? ती म्हणाली, जंगलात फिरते. “त्याचा पगार देतात, सिस्टर,” संगीता मला म्हणाली, जणू ती सरकारची एक गुप्त चूक मला सांगत होती. “चालायचा पगार.”

आता माझं थोडं. मी डहाणूची, नवरा रेल्वेत, कासाच्या सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून तिथेच खोली घेऊन राहते. रविवारी डहाणूच्या ट्रेकवाल्यांबरोबर डोंगर चढायला जाते, कारण आठवडाभर इतरांच्या जखमा बघून डोकं तापतं आणि ते चढणीवरच उतरतं. पहिल्यांदा गंभीरगडावर गेले तेव्हा चांगले जाड सुती मोजे घालून गेले होते आणि खाली आले ती बोटांच्या फोडांवर. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो, मग ओलं कापड आणि मऊ झालेली कातडी एकमेकांवर घासत बसतात. हे मी स्वतःच्या पायांवर शिकले. त्यामुळे संगीताचे पाय बघून मला सगळी गोष्ट न सांगताच दिसायला लागली होती.

प्रविणने बहिणीला तलासरीहून बूट आणले होते. बायकांचे, गुलाबी पट्टीवाले, दिसायला छान आणि पुढून निमुळते. जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाचा पाय बोटांकडे पंख्यासारखा पसरतो. तो त्या बुटात कसा मावणार? तरी चालता आलं असतं, बूट पायाला सरावला असता तर. पण ते बूट परीक्षेच्या दिवसापर्यंत पेटीत. नवी वस्तू रोजच्या कामाला वापरून उष्टी करायची नाही, चांगल्या दिवशी पहिल्यांदा काढायची. लुगडं असो, टोपी असो नाहीतर बूट. त्या दिवशी पहाटे पेटी उघडली, जाड सुती मोजे चढवले आणि बाई निघाल्या. निम्म्या वाटेत टाचा गेल्या. तेव्हा तिने बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी धावली. एप्रिल महिना, वर उन्हाने तापलेलं डांबर. शेतातली माती आणि डांबर यांत फरक असतो, हे तिच्या तळव्यांना त्या दिवशी कळलं.

रखमीचं निदान वेगळं होतं. ती दाराशी उकिडवी बसून सगळं ऐकत होती. मी बुटाच्या रुंदीवर व्याख्यान देत होते, तेवढ्यात ती म्हणाली, “बाय, नवा भात कणसरीला दाखवल्याबिगर आपण तोंडात घालतो का? मंग नवे बूट तसेच पायात घातले. तिथंच चुकला.”

कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. नव्या पिकाचा पहिला घास तिचा, मग माणसांचा. मी म्हटलं, “मावशी, देवी बुटात येत नसते.” ती माझ्याकडे बघून हसली. लहान मुलाने काही बोलावं आणि मोठ्यांनी सोडून द्यावं, तसं हसली. माझं डोकं पुन्हा तापलं.

टाचा भरायला वेळ लागला. त्या काळात संगीता पट्टी बदलायला यायची आणि जखम बघायच्या आधीच विचारायची, “पुढची भरती कधी निघेल?” मला काय माहीत? पण मीच वर्तमानपत्रात शोधू लागले. भरती लवकर निघेना. एक वर्ष गेलं, दुसरं सरत आलं, हिची तिशी उलटली, वयाची मर्यादा जवळ आली. शेवटी जाहिरात आली तेव्हा हिशेब सरळ होता. यात गेलं तर गेलं. पुढच्या भरतीला तिला कुणी उभंही करणार नाही. मग चिकू वेचायचे आणि पाड्याची चर्चा ऐकायची.

लेखी झाली. धावणं झालं. पुन्हा तेच चालणं समोर आलं.

या वेळी मी तिला घेऊन स्वतः दुकानात गेले. तेही संध्याकाळी, कारण दिवसभर चाललेला पाय सुजून थोडा मोठा झालेला असतो आणि लांबच्या चालीत तो तेवढाच होणार असतो. मोजे घरून नेले आणि ते घालूनच बूट बघितले. दुकानदार बायकांचेच बूट पुढे करत होता. मी म्हटलं, पुरुषांचे काढा. तो हसला. मी हसले नाही. त्याने काढले. पुढे अंगठ्याएवढी जागा, बोटं आत हलतायत, टाच मात्र घट्ट. संगीता दुकानातच फेऱ्या मारत सुटली, मग दुकानाबाहेर, मग रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि दुकानदार मला विचारू लागला की बाई परत येणार आहेत ना.

मोज्यांचा प्रश्न त्याआधीच कासाच्या बाजारात सुटला होता. शाळेच्या गणवेशाबरोबर घालतात ते पातळ नायलॉनचे मोजे आत, तेही उलटे, म्हणजे शिवण बोटांना लागत नाही. त्यावर ट्रेकिंगचे जाडसर लोकरी मिश्रणाचे. घासाघीस व्हायची ती दोन मोज्यांत होऊ दे, कातडीला कशाला मधे घ्यायचं? “दोन सवतींना आपसात भांडू दे,” संगीता म्हणाली. मला हे सुचलं नसतं.

आणि मी तिला बजावलं, हे बूट पेटीत गेले तर मी झरीला येऊन पेटी फोडीन.

ते पेटीत गेले नाहीत. पहिल्या दिवशी घरात, मग विहिरीपर्यंत, मग बाजारापर्यंत. हळूहळू वाढवायचं, कुठे गरम वाटलं की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावायची, फोड यायची वाट बघायची नाही. गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी, डोक्यावर हंडा आणि पायात पुरुषी बूट; झरीत याच्यापेक्षा मोठी करमणूक त्या वर्षी झाली नाही. बाया विचारायच्या, “काय गो, नवरा सोडला नि बूट ठेवलं का?” ही म्हणायची, “बूट चावायचा थांबला, नवरा थांबला नसता.” नवरा चावत नव्हता हे तिलाही माहीत होतं, पण उत्तर तयार ठेवावं लागतं.

लेक नवे बूट चिखलात घालते, शेणात घालते, हे रखमी मात्र बघत होती.

परीक्षा कासाहून सायवनच्या रस्त्यावर होती. आठ किलोमीटर जायचं, आठ यायचं. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी सकाळीच जाऊन उभी राहिले, आणि खरं सांगायचं तर रात्री मला झोप आली नव्हती. परीक्षा तिची, जागरण माझं. उमेदवार बाया छातीवर नंबर लावून गटागटाने उभ्या होत्या. खात्याचे लोक गट पाडून थोड्याथोड्या वेळाने सोडत होते. संगीता प्रविणच्या मोटरसायकलवरून आली, पायात चपला. मीच सांगितलं होतं, बूट मोजे तिथे गेल्यावर घाल, वाटेत पाय घामेजू देऊ नको. ती कडेला दगडावर टेकली, पायांना व्हॅसलिन लावलं, आतले मोजे चढवले, बाहेरचे चढवले, सुरकुती एक राहू दिली नाही. मग पिशवी उघडली.

“हे माझे नायत,” ती म्हणाली.

बूट तेच होते. तोच रंग, तोच नंबर, तेच दुकान. पण कोरे करकरीत. पुढच्या टोकांवर हळदकुंकवाचे टिळे, आणि उलटे केल्यावर आतून भाताचे चार दाणे पडले.

प्रविणचा चेहरा उजळलेला. “तसलेच आणले, सिस्टर. शोधून आणले. म्हटलं, सायबांसमोर त्या खेटरांत कशाला जायचं? आईनं रातभर कणगीवर ठेवलेले. कणसरीला दाखवून आणलेत यंदा.”

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. तो बिचारा उभ्या जागी बारीक झाला. त्याच्या डोक्यात एवढंच पक्कं होतं की मागच्या वेळी बूट अरुंद होते. आता माप बरोबर, मग नव्याला काय झालं? रखमीच्या डोक्यात पक्कं होतं की मागच्या वेळी देवीला दाखवले नव्हते. दोघांनी मिळून, बहिणीला आणि लेकीला काही कमी पडू नये म्हणून, वाट लावली होती. न सरावलेले बूट आणि सोळा किलोमीटर. जुने कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, आईजवळ. आणि आई? ती मागून नविनच्या जीपने येतेय.

नविनची जीप तलासरी ते कासा अशी चालते. मी त्याला फोन लावला. जीप अजून तलासरीच्या नाक्यावरच उभी होती, कारण भरली नव्हती. आमच्याकडे जीप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. मी म्हटलं, “रखमीबाईंच्या पिशवीत बूट आहेत का बघ.”

थोडा वेळ नुसता नाक्याचा आवाज आला. मग नविन म्हणाला, “पिशवीत नायत, सिस्टर. पायात हायत.”

“असशील तसा निघ.”

“दोन शिटा भरल्या का निघालूच.”

“नविन, तुझ्या हाताचे टाके काढायचे राहिलेत. ते मीच काढणार आहे.”

जीप निघाली. प्रविणने मोटरसायकल वळवली, चारोटीला जीप हायवेवरून आत वळायच्या आधी गाठायची आणि आईला मागे बसवून आणायचं. तो गेला आणि आमच्या हातात वाट बघण्याशिवाय काही उरलं नाही. मला ते कधीच जमलेलं नाही.

एक गट सुटला. संगीता त्या दगडापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून दगडापर्यंत येरझाऱ्या घालत होती, मोजे मळतील म्हणून चपलांवर. मी तिला बस म्हणाले, ती बसली नाही. मी म्हटलं, नवेच घाल, टाचेला पट्ट्या चिकटवते, नाड्या सैल ठेवू. ती म्हणाली, अनवाणी जाते. मी म्हटलं, ऊन वर येईल तेव्हा डांबर तुला ओळख देणार नाही. ती म्हणाली, मग पळत जाते, ऊन यायच्या आत येते. मला रडायला येत होतं आणि मी तिच्यावर ओरडत होते. दुसरा गट सुटला. तिसऱ्यात तिचा नंबर होता, आणि एक साहेब नंबर पुकारायला पुढे आले.

तेवढ्यात मोटरसायकल आली. मागे रखमी, लुगडं आवरून घट्ट बसलेली, आणि दोन्ही बाजूंना ते मळके, वाकलेले, सुरकुतलेले बूट. ती उतरली ती लंगडतच. कुणाला ते बघायला वेळ नव्हता. संगीता तिच्या पायाशी बसली आणि नाड्या सोडायला लागली.

रखमीने पाय मागे घेतला. “नव्यांना काय झाला?”

“आये, ते चावतील.”

“गेल्या बारीला दाखवले नव्हते म्हणून चावले. यंदा दाखवलेत. देवीला दाखवून परत जुन्यांत जाशील? ती काय म्हणंल?”

मी तोंड उघडणार होते. संगीताने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी ते मिटलं. आयुष्यात मी असं फारसं केलेलं नाही. आई आणि लेक एकमेकींकडे बघत राहिल्या. नंबर पुकारले जात होते. मला दोघींनाही गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मग संगीताने नवा बूट उचलला आणि सरासर त्याची नाडी ओढून काढली. नाडीला कुंकू लागलेलं होतं. “देवीनं ही बघितली ना?” ती म्हणाली. “मंग हिच्यानं बांधते. बूट माझा, बांधणारी ती.”

रखमी विचारात पडली. विचार चांगला लांबला, निदान मला तरी तसं वाटलं. मग तिने आपणहून पाय पुढे केला. संगीताने जुने बूट काढले, जुन्या नाड्या काढल्या, लाल डाग पडलेल्या नव्या ओवल्या, वरच्या भोकातून वळवून टाच घट्ट आवळली. एवढ्या घाईत ती वरची गाठ विसरली नाही, याचा मला अभिमान वाटला. तिचा नंबर पुकारला गेला तेव्हा ती दुसरा बूट बांधत होती. हात वर करून ती पळत गटात शिरली. पुढच्या क्षणी शिट्टी झाली आणि सगळ्या निघाल्या.

नातेवाइकांना रस्त्यावर सोबत जायची परवानगी नव्हती. आम्ही करंजाच्या झाडाखाली बसलो. म्हणजे रखमी बसली. मी उभी राहिले, चालले, परत आले. प्रविण मोटरसायकलचा आरसा पुसत होता, पुसून झाला की परत पुसत होता. तेव्हा कुठे माझं लक्ष रखमीच्या पायांकडे गेलं. टाचांवर दोन्हीकडे फोड. एक फुटलेला. साठ वर्षं काटे, खडे आणि भाताची खुंटं तुडवलेला पाय, तळवा तव्यासारखा, आणि वर टाचेची कातडी मात्र साधीच, तुमच्याआमच्यासारखी. मोजे न घालता पाड्यापासून जीपच्या रस्त्यापर्यंत ती त्या बुटांत चालली होती.

“मावशी, कशाला घातलेत?”

“असंच.”

मी समजले. घरात एक चांगली वस्तू रिकामी पडलीय, ती कोण टाकून देणार? वाया जाऊ नये म्हणून पायात घातली असणार. माझ्या पिशवीत पट्ट्या होत्याच, त्या तिच्या लेकीसाठी आणल्या होत्या. मी तिचा पाय धुतला, फुटलेला फोड साफ केला, पट्टी लावली. तिची नजर सायवनच्या रस्त्यावर होती.

ऊन चढलं. डांबर चकाकायला लागलं. एक गाडी परत आली, आत एक मुलगी, बूट मांडीवर घेऊन बसलेली. प्रविण धावत गेला आणि मान हलवत परत आला, ती नव्हती. मी म्हटलं, चला, बरं झालं. मग त्या मुलीचा चेहरा दिसला आणि मला माझीच शरम वाटली. मी तिलाही पट्ट्या लावून आले. हाताला काम होतं तेवढाच वेळ बरा गेला. त्यानंतर दुसऱ्या गटातल्या बाया यायला लागल्या. कुणी लंगडत, कुणी एकमेकींचा हात धरून. प्रत्येक वळणावरच्या ठिपक्यात मला संगीता दिसत होती आणि प्रत्येक ठिपका दुसरीच कुणीतरी निघत होता. नाड्या नव्या होत्या, सैल पडल्या असतील का? वाटेत मोजे बदलायला सांगितलं होतं, बदलले असतील का? रखमीच्या पायाच्या घामाने बूट आतून ओले झाले असतील, हे मला आत्ता सुचलं, आणि सुचून काही उपयोग नव्हता.

ती आली तेव्हा पहिल्यांदा मी तिला ओळखलंच नाही, कारण ती लंगडत नव्हती. साधी चालत येत होती, हंडा घेऊन विहिरीवरून यावी तशी. आपल्या गटात तिसरी. खात्याच्या माणसाने घड्याळ बघितलं, नंबर बघितला, खूण केली आणि म्हणाला, “झालं बाई, बसा आता.” वेळ अजून चांगली शिल्लक होती. प्रविणने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी खात्याच्या माणसाला पुन्हा विचारलं, पक्कं ना? तो म्हणाला, पक्कं. मी आणखी एकदा विचारलं. तो दुसरीकडे बघायला लागला.

संगीताने आमच्यापाशी येऊन बूट काढले, मोजे काढले. बोटांवर लाली होती, एका टाचेला वाटेत तिने स्वतः लावलेली पट्टी होती. फोड एकही नाही. मी तिचे पाय उलटसुलट करून बघितले, आणि तेवढ्यात तिला आईच्या टाचा दिसल्या.

“हे काय?”

“काय नाय.”

“आये, तू माझे बूट घातलेस? मोज्यांबिगर? सगळ्या पाड्याला मी सांगते मोजे घाला, नि तू…” ती खरोखर चिडली होती. एवढ्या दिवसांचा सगळा ताण त्या वाक्यात आला. “कशाला घातलेस? तुला काय गरज होती?”

रखमीने पट्टीवरून बोट फिरवलं. “गेल्या बारीला तू आलीस नि टाचा धरून निजलीस. पावसाळा लागंपर्यंत तशीच. मी तुझ्या बाजूला निजायची. मना कळंना, बुटात असा काय असतो का माझ्या पोरीला रडवतो. मी जन्मात बूट घातला नाय. मंग कसा कळायचा?” तिने समोरचा बूट बोटाने बाजूला सारला. “आता कळला.”

संगीताने आईचा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि कितीतरी वेळ तो तसाच धरून ती तिथे बसून राहिली.